डॉ. बॉब स्मिथ : मद्यपाशातून सुटलेले आणि इतरांना सोडवणारे डॉक्टर

दारू सोडायची असलेल्या रुग्णाला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) मीटिंगला जायला सुचवले, की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : नुसते चार लोकांत बसून दारू कशी सुटेल? एए सुरू करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. ते स्वतः शल्यविशारद होते.

डॉक्टर आणि दारू

रॉबर्ट स्मिथ, म्हणजेच डॉ. बॉब, यांचा जन्म १८७९ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. कॉलेजात असतानाच दारू सुरू झाली आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणही रखडले. १९१० मध्ये पदवी मिळवून ते ओहायोतील ॲक्रन शहरात आले. १९१५ मध्ये ॲन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे ते शस्त्रक्रिया करू लागले. रोज रात्री दारू आणि सकाळी हाताची थरथर थांबवायला झोपेच्या गोळ्या, असे चक्र अनेक वर्षे चालले. बाटल्या घरात कुठेकुठे लपवलेल्या असत. दारूचा यकृतावर आणि मेंदूवर काय परिणाम होतो, हे त्यांना उत्तम माहीत होते. पण माहिती असून व्यसन सुटत नाही.

बैठकांना जाऊनही पिणे सुरूच

१९३३ च्या सुमारास ते ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक मंडळाच्या बैठकांना जाऊ लागले. माणसे चांगली होती, वातावरण प्रेमाचे होते. तरी सुमारे अडीच वर्षे ते बैठकांनाही जात राहिले आणि पीतही राहिले. कारण बराच काळ त्यांनी आपले व्यसन तिथे उघडपणे सांगितलेच नव्हते.

मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक व्यावसायिक कामासाठी ॲक्रनला आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले, आणि पिण्याची इच्छा उसळली. बारकडे वळण्याऐवजी तो हॉटेलमधून फोन करत राहिला. त्याला आपल्यासारखाच एखादा दारूडा बोलायला हवा होता. त्या फोनांतून डॉ. बॉब यांचा पत्ता लागला. १२ मे रोजी पंधरा मिनिटांच्या बोलीवर ते भेटीला आले आणि रात्री उशिरापर्यंत बसले. बिलने उपदेश केला नाही. त्याने स्वतःचेच सांगितले. आपल्या आजाराविषयी तो आजार भोगलेल्या माणसाशी डॉक्टर बहुधा पहिल्यांदाच बोलत होते.

घसरण आणि शेवटचा घोट

तरीही काही आठवड्यांनी, वैद्यकीय परिषदेसाठी बाहेरगावी गेले असता, ते पुन्हा प्यायले. बिल आणि ॲन यांनी त्यांना सावरले. १० जून १९३५ हा त्यांच्या दारूचा शेवटचा दिवस. तोच एएचा स्थापना दिवस मानला जातो.

लगेच दोघे ॲक्रनच्या रुग्णालयात दाखल असलेल्या, वारंवार दारू पिऊन येणाऱ्या एका वकिलाला भेटायला गेले. तोही सुटला आणि तिघांचा गट झाला. डॉ. बॉब यांना पुढची सुमारे अडीच वर्षे दारूची तल्लफ त्रास देत होती, तरी ते प्यायले नाहीत. १९३९ पासून सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांच्यासोबत त्यांनी पाच हजारांहून अधिक मद्यपींना फी न घेता मदत केली. १६ नोव्हेंबर १९५० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तोवर त्यांना दारू सोडून पंधरा वर्षे झाली होती.

तुमच्यासाठी यात काय आहे

- मीटिंग शोधण्यासाठी जवळच्या रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेली-मानस १४४१६ या क्रमांकांवरही मदत मिळते. मुंबई, पुण्यासह महाराष्ट्रात मराठीतून मीटिंग होतात.
- प्रवेशाला फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आडनाव सांगावे लागत नाही.
- पहिल्या दिवशी नुसते ऐकलेत तरी चालते. पण ऐकताना ‘हे माझेच आहे’ असे वाटले, तर पुढे कधीतरी बोलून दाखवा. लपवून बसल्याने डॉक्टरांचीही दारू सुटली नव्हती.
- एक गट जमला नाही, तर दुसऱ्या गटात जाऊन पाहा.
- पुन्हा प्यायलात तर पुढची मीटिंग चुकवू नका. घरच्यांनीही तो शेवट समजू नये.
- कुटुंबासाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट असतो. रुग्ण तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता.

एक महत्त्वाची सूचना : रोज बरीच दारू पिणाऱ्याने अचानक दारू बंद केल्यास झटके येऊ शकतात किंवा भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. त्रास आटोक्यात ठेवणारी आणि तल्लफ कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. औषध आणि गट, दोन्ही सोबत चालतात. मीटिंगला जाऊ लागलात म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.