डिग्री नव्हती, सायकलचं दुकान होतं : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मागच्या वर्षी डोंबिवलीत घराच्या गॅलरीत बसून मी बाइकच्या मोबाइल होल्डरसाठी अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट बनवला. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून उरलेला सेक्शनचा तुकडा आणला, हॅकसॉने कापला, भोकं पाडली आणि शिकंज्यात धरून हातोडीने काटकोनात वाकवला. वाकवताना बाहेरच्या बाजूला एक बारीक रेघ उमटली होती. मी ती कानशीने घासून टाकली. तीन आठवड्यांनी कल्याण-शीळ रस्त्यावर ब्रॅकेट बरोबर तिथेच तुटला आणि फोन रस्त्यावर पडला. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब.

मी इंजिनिअर आहे, पण डिग्री आणि हात यांच्यात किती अंतर असतं ते त्या दिवशी कळलं. म्हणूनच आज उलट्या बाजूने आलेल्या माणसाबद्दल लिहितोय. इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती, दुचाकीपासून सुरुवात केली आणि आज त्यांचं आडनाव शेतातल्या पंपावर दिसतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

व्हायचं होतं चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रं आणि यंत्रं यांत जीव रमायचा. वडिलांचा विरोध होता, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी याहून वाईट बातमी कोणती? पण त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. म्हणजे एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते मापासकट कागदावर उतरवणं. तिथे रंग लागतच नाही. माप मात्र चुकून चालत नाही. याच कौशल्यावर त्यांना मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी मिळाली. वर्कशॉप हाताशी होतं. यंत्रं उघडणं, जोडणं, बिघडलेलं दुरुस्त करणं ते तिथेच शिकले.

बेळगावातलं दुकान

1888 मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. तेव्हा सायकल म्हणजे आजच्या महागड्या बाइकसारखीच नवलाईची चीज.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याला वर घेतलं गेलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. बांधलेला पगार सोडून सायकलच्या दुकानात बसायचं, हे आजही घरी सांगायला जड जाईल!

न खपणारा नांगर

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग नजर गेली नांगराकडे. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटवतो. तांत्रिकदृष्ट्या वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. तरीही नांगर खपेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ॲप बनवलं की आपण दुसऱ्या दिवशी डाउनलोड मोजायला बसतो. इथे माणूस दोन वर्षं लोखंडाचा माल घेऊन बसला होता, आणि लोखंड अडकणं म्हणजे पैसा अडकणं. शेतकऱ्याचंही चूक म्हणता येत नाही. वर्षाचं पीक पणाला लावून कोण प्रयोग करेल? डोळ्यांनी काम बघितल्याशिवाय त्याचा विश्वास बसणार नव्हता.

निवडुंगाचा माळ

विक्री जरा सुरू होते न होते तोच नवं संकट आलं. बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेमुळे सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. जमीन म्हणजे ओसाड माळ, निवडुंग आणि साप. 1910 मध्ये 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला गेले. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळालं.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप असा माल तिथून निघू लागला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हाही नियम होता. त्या काळात हे नांगर विकण्याइतकंच अवघड होतं. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

मग ब्रॅकेटचं काय?

आता माझ्या तुटलेल्या तुकड्याकडे येऊ. खिडकीचा सेक्शन बहुतेक वेळा 6063 जातीचा, उष्णता देऊन कडक केलेला असतो. तो धारदार कोनात वाकवला की बाहेरच्या बाजूला तडा जातो. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा एक स्वभाव आहे. लोखंडावर ठरावीक मर्यादेखालचे धक्के कितीही बसले तरी ते सहसा तग धरतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नसते. इंजिनाच्या बारीक थरथरीने छोटा तडा रोज थोडा थोडा वाढत जातो आणि एक दिवस तुकडा हातात येतो.

दुसऱ्या वेळी मी असं केलं :

- आधी कागदावर तिन्ही बाजूंनी मापासकट चित्र काढलं, मग पुठ्ठ्याचा नमुना कापून बाइकवर लावून बघितला.
- पट्टी वाकवण्याऐवजी तयार एल अँगल घेतला. वाकवायचंच असेल तर गोलाई मोठी ठेवा, आणि तडा दिसला तर तुकडा भंगारात टाका.
- भोक पाडताना रॉकेलचे दोन थेंब टाकले, म्हणजे ड्रिलला धातू चिकटत नाही. भोकाच्या आणि कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केल्या, कारण तडा तिथूनच सुरू होतो.
- थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून नायलॉन रिंगवाले नट वापरले.

होल्डर, छोटा लाइट अशा हलक्या गोष्टींपुरतंच हे ठेवा. ब्रेक, फूटरेस्ट, हँडल यांच्या वाटेला घरगुती तुकडा घेऊन जाऊ नका.

नवा ब्रॅकेट पावसाळाभर टिकलाय. तरी दर रविवारी मी तो कोपरा टॉर्च मारून बघतो. पहिल्या वेळी रेघ दिसली होती, पण मी ती झाकली. लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं आणि तिथूनच पुढचा रस्ता काढला. आपल्या कामातला दोष दिसला की तो मान्य करायचा, एवढं तर गॅलरीतल्या वर्कशॉपमध्येही जमेल.