ग्रेस हॉपर

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी झाला. सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातली गजराची सात घड्याळे खोलली. एक जुळेना म्हणून दुसरे, दुसरे जुळेना म्हणून तिसरे! मग आईने एकच घड्याळ खोलायला दिले. आमच्याकडे पहिल्याच घड्याळाला धपाटा मिळाला असता.

पुढे त्या कॉलेजात गणित शिकवू लागल्या. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४३ साली त्या आरमारात भरती व्हायला गेल्या, तर वजन कमी भरले. तरी खास परवानगी काढून त्या भरती झाल्याच. १९४४ साली त्यांना हार्वर्ड विद्यापीठात मार्क वन या गणकयंत्रावर काम मिळाले. ते ५१ फूट लांब होते.

यंत्राला आपली भाषा कळत नाही, फक्त आकडे कळतात. ते आकडे माणसाने लिहायचे. एक चुकला की सगळे गणित चुकले. एका यंत्राच्या मोजणीत तर ८ आणि ९ नव्हतेच, ७ नंतर एकदम १० येत. बाईंना तीच सवय लागली आणि बँकेचा हिशोब जुळेना! शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाने चूक शोधली.

१९४९ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला डेव्हिड व्हीलर यांनी एडसॅक यंत्रासाठी युक्ती केली. बेरजेला ए, वजाबाकीला एस असे अक्षर लिहायचे. त्याचे आकडे यंत्र स्वतः करून घेई. असे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला असेंब्लर म्हणतात.

पण त्यातही एकेक हुकूम लिहावाच लागतो. लोक जुन्या वहीतले हुकूम उतरवून घेत आणि उतरवताना चुकत. म्हणून १९५२ साली बाईंनी ए-झिरो हा प्रोग्रॅम केला. तयार हुकमांच्या तुकड्यांना नंबर दिले. आपण नंबर सांगायचा, यंत्र तो तुकडा फितीवरून शोधून जोडून घेई. यंत्र फक्त आकडेमोड करते, असे लोक म्हणत. चालवून दाखवले तरी कोणी हात लावेना.

मग बाई म्हणू लागल्या की हुकूम साध्या इंग्रजी शब्दांत लिहू. तेही करून दाखवले. शिवाय तेच हुकूम फ्रेंच आणि जर्मनमध्ये लिहून दाखवले, तेव्हा कंपनीचे साहेब घाबरलेच. अमेरिकेतल्या यंत्राला फ्रेंच कसे येईल? पण त्याला इंग्रजी तरी कुठे येत होते!

बाईंच्या या कामावरूनच १९५९ साली कोबोल ही भाषा तयार होऊ लागली. १९८६ साली ७९ व्या वर्षी त्या आरमारातून रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्या वारल्या.