लोवींचं पोस्टकार्ड

ऑटो लोवी म्हटलं की स्वप्नात सुचलेला प्रयोग आठवतो. मला मात्र त्यांचं पोस्टकार्ड अधिक मोलाचं वाटतं. मज्जातंतू चेतवून मंदावलेल्या बेडकाच्या हृदयातलं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं! मज्जातंतूचा निरोप रसायन पोचवतं, हे त्यांनी १९२१ साली दाखवलं. (मेंदूत तो झेलणारी प्रथिनं बहुतांशी पेशीच्या धडात बनतात आणि सूक्ष्म नलिकांच्या रुळांवरून चेतासंधीच्या दिशेनं वाहून नेली जातात, हे पुढे उमगलं.) १९३६ मध्ये नोबेल मिळालं. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ग्राझमध्ये या ६४ वर्षांच्या ज्यू शास्त्रज्ञाला रात्री घरातून उचललं. आता मारणारच, या खात्रीनं त्यांनी पहारेकऱ्याला विनवून पोस्टकार्ड मिळवलं आणि ताजा निष्कर्ष विज्ञानपत्रिकेला धाडला. मगच जीव शांत झाला. पुढे नोबेलची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच देश सोडता आला.