भंगारवाल्याची लेक आणि डोंगर

पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या शेफील्ड शहरात एक हत्तीण रस्त्यावरून लोखंड वाहायची. नाव लिझी. घोडे सैन्यात गेले, म्हणून टॉमस वॉर्ड या बड्या भंगार व्यापाऱ्याच्या कंपनीने तिला कामाला लावलं होतं. लिझीचे फोटो शोधलेत तर आजही सापडतील. पण आपली गोष्ट वॉर्डसाहेबांच्या मुलीची, एथेलची.

एथेलचा जन्म १८९४चा. घरात पैसा भरपूर. लग्न झालं आणि थोड्याच काळात नवरा युद्धात मारला गेला. तुम्ही आत्ता आहात साधारण त्याच वयात ती विधवा झाली. पार कोलमडली. घरच्यांनी मग तिला शहराबाहेर फिरायला पाठवायला सुरुवात केली. शेफील्ड म्हणजे तेव्हा पोलादाच्या भट्ट्या, धूर आणि काजळी. पण शहर संपलं की लगेच पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर, कडे आणि उघडी माळरानं. तिथे चालता चालता ती सावरली.

पण शहरही डोंगराकडे सरकत होतं. मोटारी आल्या, उतारांवर मनाला येईल तसे बंगले उठू लागले. १९२४मध्ये एथेलने चार माणसं जमवून हा परिसर वाचवण्यासाठी संस्था काढली. काम काय? बांधकामांवर लक्ष ठेवणं, हरकती घेणं आणि पत्रं लिहिणं. ढीगभर पत्रं. कंटाळवाणं वाटतंय ना?

१९२७मध्ये ड्यूक ऑफ रटलंडची लाँगशॉ इस्टेट विक्रीला निघाली. उमरावाच्या शिकारीची जागा, शहराच्या अगदी शेजारी. कुणी बिल्डरने घेतली असती तर संपलंच. एथेलने त्यातली ७४७ एकर जमीन विकत घ्यायचं ठरवलं आणि लोकांपुढे हात पसरला. पैसे हळूहळू जमले. १९३१मध्ये जमीन नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे अशा जागा लोकांसाठी कायमच्या सांभाळणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात गेली.

पुढच्याच वर्षी त्याच डोंगररांगांत, किंडर स्काउटवर, शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. एथेल त्यात नव्हती. खरं सांगू? हे कळल्यावर माझा जरा हिरमोडच झाला. तुरुंगात जाणारी पोरं भारी वाटतात, अर्ज लिहिणारी श्रीमंत बाई नाही. तिच्याकडे वेळ आणि पैसा होता, भट्टीवरच्या कामगाराकडे नव्हता, हेही आहेच. पण त्या पोरांनी चालण्याचा हक्क मिळवला असता आणि तोवर डोंगरावर कॉलनी उभी राहिली असती, तर चाललं कुठे असतं?

म्हणून तिला नकाशावरच रेष हवी होती. १९३७मध्ये तिने जेराल्ड हेथॉर्नथ्वेट या आर्किटेक्टशी लग्न केलं. आता हरकतींच्या जोडीला नकाशेही आले. शेफील्डभोवती बांधकाम होऊ द्यायचं नाही असा हरितपट्टा त्यांनी आखला आणि १९३८मध्ये महापालिकेने त्याला तत्त्वतः मान्यता दिली. मग दुसरं महायुद्ध. जेराल्ड सैन्यात गेला. पहिल्या युद्धाने तिचा एक नवरा नेला होता, हा परत आला. तोवर संस्थेचं काम तिने एकटीने ओढलं.

१९४५मध्ये सरकारने तिला राष्ट्रीय उद्यानांच्या समितीवर घेतलं. १९४९मध्ये कायदा झाला आणि १९५१मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. आकार १,४३८ चौरस किलोमीटर. शेफील्डच्या हद्दीतला जवळजवळ एक तृतीयांश भाग आज या उद्यानात मोडतो, म्हणजे भर शहराच्या नकाशात डोंगर!

एथेल १९८६मध्ये गेली, वयाच्या ९२व्या वर्षी. लाँगशॉला आजही शेफील्डहून बसने जाता येतं. उतरायचं आणि चालायला लागायचं, तिकीट नाही.