बाबासाहेबांचा राजीनामा आणि आपल्याकडची स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी

पौर्णिमेची वंदना संपून खीरदान झाले की अंबरनाथच्या आपल्या विहारांत पायरीवर एखादी ताई थांबलेली दिसते. सगळे पांगल्यावर ती हळू आवाजात विचारते. नवऱ्याने माहेरी आणून सोडले आहे, पोरगा सासरच्यांनी ठेवून घेतला आहे, खर्चाला एक रुपया येत नाही, आता काय करायचे? आम्ही चळवळीत काम करणारे लोक अशा वेळी काय करतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दोन्हीकडच्या चार माणसांना बसवतो, समजूत घालतो, आणि नाहीच जमले तर स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतो. आमच्यापैकी काहींनी अशा कागदांवर साक्षीदार म्हणून सह्याही केल्या आहेत. सद्हेतूनेच केल्या, पण त्या चुकल्या.

त्या का चुकल्या, हे समजून घेण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य एका वेगळ्या बाजूने पाहावे लागते. संविधानाचे शिल्पकार आपल्याला पाठ आहेत. लग्न, घटस्फोट, पोटगी आणि लेकराचा ताबा या प्रश्नांसाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले, ते बाबासाहेब मात्र आपल्या भाषणांत फार कमी येतात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमराव जन्मले. चौदावे अपत्य. पाच-सहा वर्षांचे असतानाच साताऱ्यात आई गेली. लहानग्या भीमाला सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले, ते या मुलाला रुचले नाही. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून तो अस्वस्थ होई. आत्याच्या मायेनेच त्याला सावरले. घर मोडते किंवा बदलते तेव्हा लेकराच्या मनावर काय ओरखडे उठतात, हे बाबासाहेबांना कोणत्याही पुस्तकाने शिकवण्याआधी आयुष्याने शिकवले होते.

१९०६ साली त्यांचे लग्न झाले. भायखळ्याच्या बाजारात, दुकाने उठल्यावर, रात्री. नवरदेव पंधरा वर्षांच्या आतबाहेर, आणि दाभोळजवळच्या वणंद गावची रमाई नऊ वर्षांच्या सुमारास. रमाईचे आईवडील आधीच गेलेले. त्या काळी अशा लग्नात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. हे दोघे एकमेकांचे झाले, रमाईने शेणी थापून, उपास काढून संसार केला, तो इतिहास आपल्या घराघरात माहीत आहे. त्यांची चार लेकरे लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. एकटे यशवंतराव राहिले.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी तिथल्या एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय होते पंचवीस. त्यात त्यांनी दाखवून दिले की जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनामुळे, आणि ते बंधन टिकवण्यासाठी बाईवर ताबा ठेवला जातो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या ताब्याची हत्यारे. म्हणजे बाईची मुक्ती हा त्यांच्यासाठी जातिअंताचा गाभा होता. पुढची पस्तीस वर्षे ते या एका विचाराला धरून राहिले.

बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये ते मुंबईत परतले आणि उच्च न्यायालयात वकिली करू लागले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. आपण ते अस्पृश्यतेच्या संदर्भात आठवतो, पण बाईला आयुष्यभर बाप, नवरा आणि मुलगा यांच्या हाताखाली ठेवणारे नियमही त्याच ग्रंथात होते, आणि तेही त्या दिवशी जळाले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू मांडली.

मग १९४२ चे नागपूर. २० जुलै रोजी तिथे दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना मुलांच्या लग्नाची घाई करू नका, बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, गुलाम होऊ नये, असे समजावले. त्या परिषदेने ठराव केले. बायकोला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, आणि पुरुषाने एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी. हिंदू कोड बिल संसदेत गाजण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी ही मागणी मांडली होती. ती कोण्या उच्चभ्रू बैठकीतून आली नव्हती, हे आजच्या मुलींना आवर्जून सांगायला हवे.

१९४७ मध्ये बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदामंत्री झाले. हिंदू कायद्याचा मसुदा बी. एन. राव समितीने आधीच तयार केला होता. बाबासाहेबांनी त्याची नव्याने मांडणी केली आणि ९ एप्रिल १९४८ रोजी तो प्रवर समितीकडे गेला. रमाई १९३५ मध्ये गेल्या होत्या. समितीकडे बिल गेल्यानंतर सहाच दिवसांनी, १५ एप्रिलला, बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आंतरजातीय, कायदेशीर, कागदोपत्री.

त्या बिलात काय होते? एका वेळी एकच लग्न. लग्नाला जातीची अट नाही. ठरावीक कारणांसाठी नवरा आणि बायको दोघांनाही घटस्फोटाचा हक्क. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा. बाईच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी. पोटगी, पालकत्व, दत्तक यांचे स्पष्ट नियम. आपला मुंबई प्रांत यात थोडा पुढे होता. इथे १९४६ मध्ये दुसऱ्या लग्नाला बंदी आणि १९४७ मध्ये घटस्फोट कायद्याने आला होता. देशाच्या मोठ्या भागात मात्र तोवर पुरुषाने कितीही बायका कराव्यात आणि बाईने मरेपर्यंत एकाच खुंट्याला बांधलेले राहावे, असाच व्यवहार होता.

सनातनी मंडळी म्हणत होती की घटस्फोट आपल्या संस्कृतीत नाही. बाबासाहेबांनी सभागृहात त्यांना दाखवून दिले की ज्यांना शूद्र म्हटले जाते त्या बहुसंख्य लोकांत घटस्फोटाची रूढी आधीपासून चालत आलेली आहे. आपल्या भाषेत तिला काडीमोड म्हणत. म्हणजे संस्कृतीच्या नावाखाली मूठभरांचा नियम सगळ्यांवर लादला जात होता. पण बाबासाहेब रूढीपाशी थांबले नाहीत. रूढी पंचांच्या मर्जीवर चालते. पंच बदलले की निकाल बदलतो. पोटगी मिळेल की नाही, लेकरू कोणाकडे, याला कोणी बांधील नसतो. त्यांना बाईच्या हातात पंचांची दया नको होती, कायद्याचा हक्क हवा होता.

याच सुमारास महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी हिंदू स्त्रीच्या अवनतीवर लेख लिहिला. या अवनतीचे खापर भगवान बुद्धांवर फोडणाऱ्यांना त्यांनी पुराव्यानिशी उत्तर दिले आणि जबाबदारी मनूवर टाकली. पाच वर्षांनंतरच्या दीक्षाभूमीची वाट या प्रश्नावरूनही जात होती.

१९५१ पर्यंत तब्येत ढासळली होती. ऑगस्टमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना कळवले की प्रकृतीचा भरवसा नाही, बिल लवकर घ्या. सप्टेंबरमध्ये फक्त लग्न आणि घटस्फोटाचा भाग चर्चेला आला. दिवसामागून दिवस भाषणांत गेले. जेमतेम चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. अनुसूचित जातींकडे होणारे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण अशी इतरही कारणे होती, पण बिलाचा गळा घोटला जाणे हे त्यांतले मोठे कारण. १० ऑक्टोबरला आपले निवेदन हवे तसे वाचू दिले जात नाही म्हणून ते सभागृहातून बाहेर पडले. पुढच्या वर्षी मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले.

मग तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झाले. १८ मे १९५५ ला विवाह कायदा. १७ जून १९५६ ला वारसा कायदा. २५ ऑगस्ट १९५६ ला अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म स्वीकारला. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दत्तक आणि पोटगीचा कायदा आला २१ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांच्या जाण्यानंतर पंधरा दिवसांनी. तो पाहायला ते नव्हते.

आता पुन्हा विहाराच्या पायरीवर थांबलेल्या त्या ताईकडे येऊ.

पहिला प्रश्न आपल्याकडे नेहमी निघतो. आपण बौद्ध, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा लागू? या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच बौद्धांचा उल्लेख आहे, म्हणून लागू. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा ही मागणी समाजात आहे, आणि तिचा विचार झालाच पाहिजे. पण तो होईपर्यंत नावाच्या वादात आपल्या बहिणीचा हक्क अडकवून ठेवणे बाबासाहेबांना पटले नसते. बौद्ध पद्धतीने लागलेल्या लग्नाची नोंदणी झाली नाही, एवढ्याच कारणाने ते लग्न रद्द होत नाही. तरी नोंदणी करून घ्यावी, फोटो आणि लग्नपत्रिका जपून ठेवाव्यात.

घटस्फोट न्यायालयच देते. रूढीने झालेला घटस्फोट कायद्याने राखून ठेवला आहे, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. धम्मदीक्षेनंतर जुन्या जातीच्या रूढीचा आधार आपण कोणत्या तोंडाने घ्यायचा? नुसत्या स्टॅम्प पेपरवर विसंबून कोणी दुसरे लग्न केले, तर ते लग्न बेकायदा ठरू शकते आणि फरफट होते ती दुसऱ्या बाईची. दोघांचीही तयारी असेल तर १९७६ पासून संमतीने घटस्फोटाची सोय आहे. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले.

लेकराच्या ताब्यात आई जिंकली की बाप, हा प्रश्नच नसतो. लेकराचे हित सर्वांत वर. पाच वर्षांच्या आतले मूल सहसा आईकडे राहते. मूल आईकडे असले तरी बापाची खर्चाची जबाबदारी सुटत नाही. आणि पैसे मिळावेत म्हणून लेकराची भेट अडवणे किंवा भेट दिली नाही म्हणून पैसे थांबवणे, दोन्ही चूक. आईवेगळा झालेला साताऱ्याचा तो भीमा आठवला तर हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पोटगीसाठी घटस्फोट होईपर्यंत थांबायचे कारण नाही. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. घटस्फोटित बाईलाही, तिने पुन्हा लग्न केले नसेल तर, ते लागू आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. नोकरी गेली एवढेच सांगून हात झटकता येत नाहीत. सासर दूर असले तरी माहेरी अंबरनाथला राहणारी मुलगी इथल्याच हद्दीच्या न्यायालयात अर्ज करू शकते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही सर्वांत मोठी भीती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो. महिलेसाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारात असते, जिल्ह्याचे प्राधिकरण ठाण्यात आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. प्रत्येक विहाराच्या फलकावर हा क्रमांक लिहायला फक्त एक खडू लागतो.

समजूत घालणे, घर तुटू न देणे हे कार्यकर्त्याचे काम आहेच. मारहाण नसेल, दोघांची इच्छा असेल, तर जरूर बसावे. पण निवाडा करणारे पंच आपण होऊ नये. पंचांच्या हातातून बाईचे भवितव्य काढून कायद्याच्या हातात देण्यासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले, त्यांचे नाव घेऊन आपण पुन्हा पंचायत भरवावी, हे शोभत नाही.

म्हणून अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या तरुण मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी असा कागद सहीसाठी पुढे केला तर पेन खाली ठेवा. त्या ताईला रिक्षात बसवा आणि तिच्यासोबत न्यायालयापर्यंत जा.

जय भीम! नमो बुद्धाय!