गणिताचे अध्यापक नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपल्या ज्ञातिबांधवांस थोर देशसेवक म्हणून सुपरिचित आहे. तथापि त्यांच्या आयुष्यातील सुमारे अठरा वर्षे शिक्षकाच्या पेशात गेली व शाळेत त्यांनी गणितही शिकविले, याचे स्मरण थोड्यांसच असते. रोहिणखेडसारख्या गावी राहून उभा जन्म गणित शिकविण्यात घालविलेल्या प्रस्तुत लेखकास त्यांच्या चरित्राचा हाच भाग विशेष जवळचा वाटतो.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. वडीलबंधू गोविंदराव यांनी पंधरा रुपये पगारातून दरमहा आठ रुपये पाठवून त्यांचे शिक्षण चालविले. शाळेत असताना गुरुजींनी घरी सोडविण्यास दिलेली गणिते एकट्या गोपाळची बरोबर आली. गुरुजींनी वाहवा केली, तोच हा मुलगा रडू लागला. दुसऱ्याची मदत घेतली असल्याने ही शाबासकी आपली नव्हे, असे त्याने कबूल केले, अशी हकीकत सांगतात.

१८८४ साली बी. ए. झाल्यावर पुढील वर्षी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र हे विषयही शिकविले. बापट नामक सहकाऱ्याच्या साह्याने त्यांनी रचलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे हिंदुस्थानभर अनेक शाळांतून चालले.

गणित मनुष्यास एक शिस्त लावते : उत्तर सांगितले की रीतही दाखविली पाहिजे. या शिस्तीची कठोर कसोटी १८९७ साली आली. विलायतेत असताना, पुण्याच्या प्लेगबंदोबस्तातील सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी मित्रांच्या पत्रांवर विसंबून प्रसिद्ध केला. परत आल्यावर पुरावा पुढे करता येईना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्याबद्दल त्यांची निर्भर्त्सना केली. परंतु सिद्ध न होणारे विधान त्यांनी मागे घेतले.

१९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकेचे भूषण मिरवीत होते. रुपयाचा भाव घसरला म्हणून वाढविलेले कर भाव सुधारल्यावरही तसेच ठेवले, म्हणून ही शिलक दिसते, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडून दाखविले. पुढच्याच वर्षी मिठावरील कर कमी झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी हा थोर पुरुष निवर्तला.

आता स्वतःविषयी एक गोष्ट नम्रपणे नमूद करतो. नोकरीच्या आरंभी मी केवळ शेवटचे उत्तर पाहून गुण देत असे. एका शेतकऱ्याच्या मुलाने सर्व रीत बिनचूक लिहून अखेरच्या वजाबाकीत चूक केली. मी त्यास शून्य दिले. शेजारच्याचे पाहून उत्तर लिहिणाऱ्यास मात्र पूर्ण गुण मिळाले. पहिल्या मुलाने पुढे गणिताची धास्ती घेतली व शाळा सोडली. हा दोष सर्वस्वी माझा होता. त्यानंतर मी प्रत्येक पायरीस गुण देऊ लागलो. पण त्या मुलास त्याचा उपयोग झाला नाही.

आज शालान्त परीक्षेतही पायरीपायरीस गुण मिळतात. तरीही घरोघरी पालक विचारतात ते एवढेच, की किती गुण पडले? ज्ञातीतील पालकांस माझी विनंती आहे, की मुलाची उत्तरपत्रिका हाती घ्यावी, एक उदाहरण त्याजकडून पुन्हा मांडवून घ्यावे, व रीत त्याची स्वतःची असेल तर चुकल्या उत्तरासाठी रागावू नये. रडणाऱ्या त्या लहानग्या गोपाळचे स्मरण आपण एवढ्याने तरी राखू.