उसन्या नावाचा बादशहा : मिनेसोटा फॅट्स

पूल या खेळाशी ज्यांचा कधीही संबंध आला नाही, अशा कोट्यवधी लोकांनाही मिनेसोटा फॅट्स हे नाव ठाऊक होते. या नावाने ओळखला गेलेला गृहस्थ मिनेसोटा राज्याचा रहिवासी नव्हता. हे नावही त्याचे स्वतःचे नव्हते. एका कादंबरीतील काल्पनिक पात्राचे नाव त्याने उचलले, स्वतःला लावले आणि उरलेले आयुष्य त्याच्या बळावर मोठ्या थाटात जगले. रुडॉल्फ वॉल्टर वाँडरोन हे त्यांचे मूळ नाव. जानेवारी १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्यूच्या वार्तांमध्ये त्यांच्या नेमक्या वयाविषयीही एकवाक्यता नव्हती. याला कारणही तेच होते, कारण जन्माचे साल ते ऐकणाऱ्यानुसार बदलून सांगत असत.

उपलब्ध नोंदींनुसार वाँडरोन यांचा जन्म १९ जानेवारी १९१३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्यांचे आईवडील स्वित्झर्लंडहून आलेले स्थलांतरित होते. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स या वस्तीत त्यांचे बालपण गेले. शाळेत त्यांचे मन रमले नाही. त्यांचे खरे शिक्षण पूलच्या अड्ड्यांवर झाले. वडिलांसोबत युरोपला गेले असता एरिक हॅगेनलोखर या नामांकित जर्मन बिलियर्डपटूकडून त्यांनी धडे घेतले, असे सांगितले जाते. विशीच्या आतच ते पैसे लावून खेळणाऱ्यांच्या जगात रुळले होते.

भारतीय वाचकांना बिलियर्ड्स आणि स्नूकर हे खेळ अधिक परिचयाचे आहेत. स्नूकरचा जन्म तर आपल्याकडचाच. १८७५ मध्ये जबलपूर येथील लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने जुन्या खेळात रंगीत चेंडूंची भर घातली आणि त्यातून हा खेळ आकाराला आला. जबलपूर आणि रायपूर ही दोन्ही गावे पुढे दीर्घकाळ एकाच मध्य प्रांतात होती. मात्र छावण्यांचे मेस आणि जिमखान्यांचे दिवाणखाने यांच्याबाहेर हा खेळ आपल्याकडे फारसा पडला नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकाता येथे बिलियर्ड्सचे हौशी जागतिक विजेतेपद मिळवून देशाला नवा मान मिळवून दिला, तेव्हाही तो प्रतिष्ठितांच्या क्लबांचा खेळ म्हणूनच ओळखला जात होता.

अमेरिकेत चित्र उलटे होते. स्नूकरचे टेबल १२ फूट लांब असते, तर पूलचे साधारण ९ फूट. खिसे रुंद आणि डाव झटपट संपणारा. त्यामुळे न्हाव्याचे दुकान, दारूचा गुत्ता, रेल्वे स्थानकाजवळची माडी अशा कोणत्याही ठिकाणी हे टेबल मांडता येई. तेथे कामगार, फिरते विक्रेते आणि रिकामटेकडे एकत्र जमत. जिथे माणसे जमतात आणि खेळाचा निकाल पाच-दहा मिनिटांत लागतो, तिथे पैज येतेच.

या पैजांवर उपजीविका करणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग अमेरिकेत होता. अशा खेळाडूला तिकडे हसलर म्हणत. त्याची विद्या दुहेरी होती. हातातील काठीवर त्याची हुकमत असावी लागेच. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपली खरी ताकद लपवता यावी लागे. अनोळखी गावात शिरावे, थोडक्या पैशांवर दोन-चार डाव हरावेत, समोरच्याला स्वतःच्या कौशल्याची धुंदी चढू द्यावी आणि रक्कम मोठी झाली की बाजी उलटवावी, असा हा क्रम असे. दुसरा प्रकार सवलतीचा होता. बलवान खेळाडूने दुबळ्याला काही गुण आधीच बहाल करायचे आणि मग खेळायचे. सवलत किती द्यायची यावर तासन् तास घासाघीस चाले. खेळ टेबलावर जिंकला जात नाही, पैजेच्या अटी ठरतात तेव्हाच जिंकला जातो, हे या धंद्यातील जाणकारांचे गृहीतक होते.

वाँडरोन या घासाघिशीत निष्णात होते. त्यांची देहयष्टी स्थूल होती, जिभेला उसंत नव्हती आणि बढाईला मर्यादा नव्हती. बहुतेक हसलर स्वतःला लपवत, तर वाँडरोन स्वतःची जाहिरात करत. आपण जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू आहोत, असे ते दारातून शिरतानाच घोषित करत. समोरच्याला त्या बडबडीची चीड येई आणि चिडलेला माणूस शहाण्या अटी घालत नाही. तारुण्यात त्यांना न्यूयॉर्क फॅट्स, ब्रॉडवे फॅट्स, शिकागो फॅट्स अशी नावे पडली होती. फॅट्स म्हणजे जाड्या. गाव बदलले की पुढचा शब्द बदले.

त्यांचा आवडता प्रकार वन पॉकेट हा होता. यात टेबलाच्या सहा खिशांपैकी प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एकच खिसा येतो आणि आपल्या खिशात आठ चेंडू आधी घालणारा जिंकतो. येथे अचूक नेमापेक्षा संयम, अडवणूक आणि डावपेच यांना महत्त्व असते. बुद्धिबळाशी त्याची तुलना केली जाते. पैजेच्या जगात तो लोकप्रिय होण्याचे कारणही उघड आहे. बाहेरच्या प्रेक्षकाला कोण किती चांगले खेळतो आहे याचा अंदाजच येत नाही. या प्रकारात वाँडरोन खरोखर उच्च दर्जाचे खेळाडू होते, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात.

१९४१ मध्ये दक्षिण इलिनॉयमधील ड्यू क्वॉइन या गावी त्यांची एव्हलिन ग्राफ या तरुणीशी भेट झाली. त्याच वर्षी दोघांनी विवाह केला आणि जवळच्या डॉवेल या लहानशा खेड्यात बिऱ्हाड थाटले. न्यूयॉर्कच्या झगमगाटात वाढलेला हा माणूस खाणकामगारांच्या मुलखात स्थिरावेल, असे कोणाला वाटले नसावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक या बंदरात गेले. गोदीतील कामगारांच्या आणि नौसैनिकांच्या खिशात तेव्हा पैसा खुळखुळत होता. युद्ध संपल्यावर मात्र पूलला ओहोटी लागली. अड्डे बंद पडू लागले आणि वाँडरोन डॉवेलला परतले. तेथे ते भटक्या कुत्र्यामांजरांना खाऊ घालत. या मुक्या प्राण्यांचा लळा ही त्यांच्या आयुष्यातील बहुधा एकमेव गोष्ट असावी, जिच्यात बढाईचा अंश नव्हता.

चाळिशी ओलांडलेला, जवळजवळ विसरला गेलेला असा हा जुगारी. येथवर त्यांचे आयुष्य त्यांच्यासारख्या इतर शेकडो जणांपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

१९५९ मध्ये वॉल्टर टेव्हिस या लेखकाची द हसलर ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एडी नावाचा तरुण हसलर आणि मिनेसोटा फॅट्स नावाचा अजिंक्य, स्थूल, नीटनेटका खेळाडू यांच्यातील झुंज हा तिचा गाभा होता. १९६१ मध्ये त्यावर चित्रपट आला. पॉल न्यूमन यांनी एडी साकारला, तर जॅकी ग्लीसन यांनी मिनेसोटा फॅट्स. चित्रपट गाजला आणि अमेरिकेत बंद पडलेले पूलचे अड्डे पुन्हा उघडू लागले.

वाँडरोन यांनी ही संधी ओळखली. पडद्यावरचा मिनेसोटा फॅट्स म्हणजे आपणच, कादंबरीकाराने आपल्याच आयुष्यावरून हे पात्र बेतले, असे त्यांनी जाहीर केले. टेव्हिस यांनी हा दावा वारंवार फेटाळला. हे पात्र पूर्णतः आपल्या कल्पनेतून उतरले, असे ते १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांगत राहिले. मात्र त्या इन्काराला फारसे श्रोते लाभले नाहीत. लोकांना पडद्यावरचा माणूस खरा असायला हवा होता आणि तसा एक माणूस हजर होता.

१९६१ हेच साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. डॉवेलपासून जवळच असलेल्या जॉन्स्टन सिटी येथे जॉर्ज आणि पॉली जॅन्स्को या बंधूंनी हसलरांची स्पर्धा भरवण्यास सुरुवात केली. देशभरातील नावाजलेले जुगारी खेळाडू तेथे जमले. अधिकृत सामन्यांपेक्षा रात्री उशिरा होणाऱ्या खासगी पैजांचे आकर्षण अधिक होते. क्रीडा पत्रकार आले, पुढे दूरचित्रवाणीचे कॅमेरेही आले. कॅमेऱ्यासमोर सर्वाधिक बोलणारा माणूस अर्थातच वाँडरोन हा होता. १९७२ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांनी छापा घातल्यावर ही परंपरा खंडित झाली. पण तोवर त्यांचे काम झाले होते. १९६६ मध्ये टॉम फॉक्स या पत्रकाराच्या सहकार्याने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. पाठोपाठ दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, जाहिराती, प्रदर्शनीय सामने आणि त्यांच्या नावाची टेबले व काठ्या आल्या.

या साऱ्या प्रकाराने एक माणूस मनातून होरपळत होता. विली मॉस्कोनी हे त्यांचे नाव. मॉस्कोनी यांचा जन्मही १९१३ चाच. फिलाडेल्फियात वडिलांचा पूलचा अड्डा होता, मात्र मुलाने या खेळाच्या नादी लागू नये म्हणून वडील चेंडू कुलपात ठेवत. तेव्हा मुलगा बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन सराव करी. १९४१ ते १९५७ या काळात मॉस्कोनी यांनी १५ वेळा जागतिक विजेतेपद पटकावले. १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे एकाही चुकीविना सलग ५२६ चेंडू खिशात घालण्याचा त्यांचा विक्रम पुढे अनेक दशके अबाधित राहिला. ते नेहमी सूट घालून खेळत. जुगाराच्या बदनामीतून हा खेळ बाहेर यावा, सभ्य कुटुंबांनी तो पाहावा, ही त्यांची आयुष्यभराची आकांक्षा होती. द हसलर चित्रपटाचे तांत्रिक सल्लागारही तेच होते आणि पडद्यावरील काही अवघड फटके त्यांच्याच हातचे आहेत.

अशा माणसाला रस्त्यावर कोणी विचारले, तर मिनेसोटा फॅट्सविषयीच विचारत असे. वाँडरोन यांनी एकही मोठी अधिकृत स्पर्धा कधी जिंकली नव्हती. आपण पैशांसाठी खेळतो, चषकांसाठी नाही, असे त्यांचे त्यावर ठरलेले उत्तर असे, आणि ते उत्तर खोडून काढणे अशक्य होते. अंधाऱ्या खोल्यांतील पैजांची नोंद कोठेही नसते. विजेतेपदांची यादी असणारा माणूस आणि कहाण्यांचा साठा असणारा माणूस यांच्यात प्रसारमाध्यमांनी दुसऱ्याची निवड केली, यात नवल वाटू नये. दूरचित्रवाणीला अर्धा तास भरायचा असतो.

अखेर १४ फेब्रुवारी १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया या हॉटेलात दोघे समोरासमोर आले. एबीसी वाहिनीने सामना दाखवला आणि समालोचन हॉवर्ड कोसेल यांनी केले. दोघेही पासष्टीच्या उंबरठ्यावर होते. वाँडरोन यांनी सामनाभर तोंड बंद ठेवले नाही. मॉस्कोनी फटका मारण्यासाठी वाकले की प्रेक्षकांत हशा पिके. मॉस्कोनी यांचा संताप चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तरी त्यांनी संयम राखला आणि सामना निर्विवादपणे जिंकला. हा कार्यक्रम कोट्यवधी अमेरिकनांनी पाहिला. परंतु सामन्यानंतर लोकांच्या ओठांवर नाव राहिले ते हरलेल्याचेच. पुढच्या काळात दोघांचे आणखी सामने झाले. मॉस्कोनी यांच्या वाट्याला विजय आले, वाँडरोन यांच्या वाट्याला टाळ्या.

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. साठच्या दशकात अमेरिकेत पूलला जी नवी लोकप्रियता लाभली, तिचे श्रेय चित्रपटाला आणि त्याबरोबरच या बडबड्या जुगाऱ्याला जाते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या बिलियर्ड महासंघाने आपल्या सन्मान दालनात त्यांचा समावेश केला, तो खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळाच्या सेवेसाठी. मॉस्कोनी यांना तेथे १९६८ मध्येच विजेता म्हणून स्थान मिळाले होते. दोन वेगळ्या शीर्षकांखाली का होईना, दोघे एकाच दालनात आले.

कौशल्य कोठे संपते आणि जुगार कोठे सुरू होतो, हा प्रश्न आपल्याकडील न्यायालयांसमोरही अनेकदा आला आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. १२ जानेवारी १९९६ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. योगायोग असा की वाँडरोन यांनी जगाचा निरोप घेतला तो याच महिन्यात. त्यांच्यासमोर हा प्रश्न ठेवला असता, तर त्यावरही त्यांनी एखादी पैज लावली असती.

१९८५ मध्ये एव्हलिन यांच्यापासून त्यांनी घटस्फोट घेतला. ४४ वर्षांचा संसार संपला. ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेले आणि हर्मिटेज या जुन्या, भव्य हॉटेलात राहू लागले. तेथे त्यांच्यासाठी पूलचे एक टेबल मांडलेले होते. पाहुण्यांना ते फटके करून दाखवत, तरुणींशी थट्टामस्करी करत आणि आपल्या लाखोंच्या पैजांच्या कहाण्या ऐकवत. त्यांतील किती खऱ्या, हे तपासण्याची कोणाला गरज वाटत नसे. १९९३ मध्ये त्यांनी थेरेसा बेल यांच्याशी दुसरा विवाह केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉस्कोनी यांचे निधन झाले.

अखेरच्या वर्षांत वाँडरोन यांची प्रकृती ढासळत गेली आणि काठी हाती धरणे कठीण झाले. चाहते मात्र स्वाक्षरीसाठी येतच राहिले. त्यांच्यासाठी वाँडरोन खिशात एक रबरी शिक्का बाळगत. कोणी कागद पुढे केला की ते शिक्का उमटवत आणि कागद परत देत. त्या शिक्क्यावर अक्षरे होती ती मिनेसोटा फॅट्स या नावाचीच.